संगणकावरील दप्तराची बांधणी

जुने दप्तर कापडी रुमालात बांधून ठेवण्याची रीत महाराष्ट्राला परिचित आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल प्रसिद्धच आहेत. संगणकावरही अनेक धारिकांचा एक गठ्ठा बांधता येतो. त्यात मजकुरातील पुनरावृत्ती संक्षेपाने नोंदली जात असल्याने गठ्ठ्याचा आकारही घटतो.

या कामासाठी झिप ही पद्धत १९८९ पासून प्रचारात आहे. झिप गठ्ठा लवकर बांधला जातो व विंडोज संगणकावर वेगळ्या साधनावाचून उघडतो. १९९९ मध्ये आलेले सेव्हन-झिप हे साधन विनामूल्य आहे. त्याचा ‘सेव्हन-झेड’ गठ्ठा सामान्यतः अधिक लहान होतो. मात्र तो बांधण्यास वेळ बराच लागतो. उघडण्यास त्या मानाने पुष्कळ कमी लागतो. विंडोज ११ वर असे गठ्ठे २०२३ पासून थेट उघडता येतात; जुन्या संगणकांवर ही सोय नाही. तालुक्याच्या कार्यालयात कोणता संगणक आहे, हे म्हणूनच आधी विचारून घेणे बरे.

वेगाची चर्चा मजकूर व तक्ते यांपुरती सार्थ आहे. स्कॅन केलेले कागद व छायाचित्रे बहुधा आधीच आक्रसलेली असतात; त्यांवर कोणतेही साधन तासभर राबविले तरी जागा फारशी वाचत नाही.

खरा प्रश्न एखादा दाखला काढण्याचा आहे. झिपमध्ये प्रत्येक धारिका स्वतंत्रपणे आक्रसलेली असते आणि गठ्ठ्याच्या अखेरीस सूची असते. त्यामुळे हजार दाखल्यांतून एक जन्मदाखला तत्काळ मिळतो. सेव्हन-झेडच्या अखंड बांधणीत एका धारिकेसाठी तिच्या आधीचा मजकूरही उलगडावा लागतो, आणि मध्येच बिघाड झाल्यास पुढील धारिका गमावण्याची भीती असते. ही अखंड बांधणी बंद ठेवता येते. परंतु ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नित्य लागणाऱ्या दाखल्यांसाठी झिपच सोयीची. सेव्हन-झिपनेही झिप गठ्ठा बांधता येतो.

धारिकांची नावे देवनागरीत असल्यास जुन्या साधनांवर अक्षरे विस्कटतात. गावाचे नाव वाचता आले नाही, तर दाखला असूनही सापडत नाही. गठ्ठा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, सेव्हन-झिपमधील चाचणीची आज्ञा चालवावी, आणि त्यानंतरच मूळ धारिका पुसण्याचा विचार करावा.