कायदा बदलला म्हणतात, तो वाचायचा कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दाखल्यांसाठी झुंबड उडते. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कायदा बदलला, आता अ‍ॅफिडेव्हिटला पाचशेचाच स्टॅम्प लागतो." यातलं निम्मं खरं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून १०० रुपयांचं मुद्रांक शुल्क ५०० रुपये केलं. पण जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला हे पाचशे लागू नाहीत. का नाहीत, ते मोबाइलवर फुकटात शोधता येतं. हेच उदाहरण घेऊन कृती सांगतो. घरभाडं असो की शेतजमीन, राज्याच्या कुठल्याही कायद्याला ती चालते.

आधी मूळ कायदा काढा. त्याचं पूर्ण नाव आणि साल हवं, म्हणजे इथे 'महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८'. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर राज्य निवडून तो मिळतो. मराठी पाठासाठी राज्याच्या विधी व न्याय विभागाचं संकेतस्थळ पाहा. फाइल उघडल्यावर पहिल्या पानापासून वाचत बसू नका. शुल्काचे दर शेवटी जोडलेल्या अनुसूचीत असतात आणि प्रतिज्ञापत्र अनुच्छेद ४ मध्ये आहे. त्या ओळीखालची तळटीप मात्र सोडू नका. कोणत्या सालच्या कितव्या अधिनियमानं कुठला शब्द बदलला, ते तिथे बारीक अक्षरात दिलेलं असतं. शेवटच्या तळटीपेतलं साल जुनं असेल तर तुमच्या हातातली प्रतही जुनी असण्याची शक्यता धरा.

मग दुरुस्ती शोधा. ती राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये छापली जाते. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्राचे अंक आहेत. मराठी शब्द टाकून शोध घेतला तर पुष्कळदा हाती काही लागत नाही, कारण जुने अंक स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटमधले आहेत. म्हणून बातमीतली तारीख धरून त्या आठवड्यातले असाधारण अंक चाळावेत. दुरुस्ती अधिनियम दोन-चार पानांचा असतो, पण नुसता वाचून काही उमगत नाही. अमुक कलमातल्या 'या मजकुराऐवजी' तमुक मजकूर दाखल करावा, अशी त्याची भाषा. मूळ कायदा शेजारी उघडा आणि पेन्सिलीनं जुने शब्द खोडून नवे लिहा. दोन वाक्यांची दुरुस्ती अशी पाच मिनिटांत कळते.

इथे नागपूरकरांना एक जादा सावधगिरी लागते. हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं, त्यामुळे डिसेंबरात 'विधेयक मंजूर'च्या बातम्यांचा पाऊस पडतो. त्या वाचून लगेच कुठल्याही कार्यालयात धावू नका. दोन्ही सभागृहांची मंजुरी, राज्यपालांची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी एवढं झाल्यावर त्याचा अधिनियम होतो. तरीही कलम १ पाहायचंच. शासन अधिसूचनेनं ठरवील त्या दिवशी कायदा अंमलात येईल, असं तिथे लिहिलेलं असेल तर ती अधिसूचना निघेपर्यंत थांबावं लागतं. अध्यादेशाचं उलट आहे. तो लगेच लागू होतो, पण विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा आला नाही तर गळून पडतो. म्हणून अध्यादेश सापडला की पुढे त्याचं काय झालं, ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या विधेयकांच्या यादीत बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण गाळतात ती पायरी: अधिसूचना. मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ नुसार शासनाला शुल्क कमी करण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार आहे. तो वापरून १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनं जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठीच्या आणि शासकीय कार्यालयांत वा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं शुल्क माफ केलं. २०२४ मध्ये बदलला तो दर. माफी उठलेली नाही, आणि माफ शुल्क शंभरचं असो की पाचशेचं, द्यायचं काहीच नसतं. दरवाढीनंतर इतका गोंधळ झाला की शासनाला हाच खुलासा पुन्हा करावा लागला. नुसती अनुसूची वाचणारा माणूस मात्र प्रामाणिकपणे पाचशे भरून मोकळा होतो. अशा अधिसूचना राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये येतात, मुद्रांकाच्या बाबतीत नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. माफी सरकारी आणि न्यायालयीन कामापुरतीच आहे. खासगी करारनाम्याला ती लावू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर जीआर, म्हणजे शासन निर्णय आला तर त्याच्या शेवटी छापलेला संकेतांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. तो तिथे सापडला नाही तर त्यावर विसंबू नका. खरा निघाला तरी जीआरनं कायदा बदलत नाही, अंमलबजावणीच्या सूचना मिळतात.

न्यायालयांचे निकाल हवे असतील तर 'इंडियन कानून' फुकट आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 'ई-एससीआर'ही, आणि त्यातले काही निकाल मराठीत वाचता येतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. पण विदर्भातल्या जुन्या निकालांपासून जपून. घरभाड्याचा शोध घेतला की सी. पी. अँड बेरारच्या १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाखालचे ढीगभर निकाल समोर येतात. ३१ मार्च २००० पासून इथे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यामुळे निकाल कोणत्या कायद्याखालचा आहे, हे आधी बघायचं, कोण जिंकलं ते नंतर.

छापील प्रत हवी असेल तर नागपुरातच शासकीय मुद्रणालय व ग्रंथागार आहे. तिथे थोडे पैसे पडतील.

एवढं शोधून स्टॅम्पचा प्रश्न सुटतो, खटला नाही. नोटीस आली असेल, तारीख पडली असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे.