बालरुग्णालये आणि उद्योगसंस्थांचे दातृत्व

दानाची महती आपल्या संस्कृतीने पूर्वापार गाइली आहे. विहीर खोदणे, धर्मशाळा बांधणे, अन्नछत्र घालणे ही आपल्याकडे पुण्यकर्मे मानली गेली. आधुनिक काळात या परंपरेत एका नव्या दात्याची भर पडली. हा दाता म्हणजे कोणी एक धनवान गृहस्थ नव्हे. भागधारकांच्या भांडवलावर चालणारी उद्योगसंस्था, म्हणजेच कंपनी, हा तो दाता होय. आज अनेक रुग्णालये, आणि त्यांतही लहान मुलांची रुग्णालये, या दात्याकडे आशेने पाहतात. हे साहाय्य कसे उभे राहते, त्याचे नियम कोणते आणि त्याच्या मर्यादा कोठे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील आईबाप मुलाच्या दुखण्यासाठी बेळगाव, मिरज, कोल्हापूर आणि अखेर मुंबई गाठतात. तेव्हा हा विषय केवळ अर्थशास्त्राच्या पुस्तकातला नाही. तो आपल्या घरचाच आहे.

मुलांचे रुग्णालय वेगळे का?

बालक म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे बालवैद्यकाचे पहिले सूत्र आहे. औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. त्यामुळे दोन किलोंच्या अर्भकाच्या बाबतीत थोडीशी चूकही जीवावर बेतू शकते. त्याच्यासाठी सुई, नळी, श्वासोच्छ्वासाचे यंत्र, सारेच निराळे लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उबेच्या पेटीत ठेवून रात्रंदिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागते, म्हणून परिचारिकाही अधिक लागतात. शिवाय मूल एकटे कधीच दाखल होत नाही. त्याच्याबरोबर आई असते, बाप असतो, आणि दोघांचीही रोजची मजुरी तितके दिवस बुडालेली असते. खर्च अधिक आणि रुग्णाकडून मिळणारे उत्पन्न कमी, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणूनच जगात बहुतेक ठिकाणी बालरुग्णालये सरकारी पैशावर किंवा देणग्यांवर उभी आहेत.

परळचे उदाहरण

मराठी मुलखातील याचे ठळक उदाहरण मुंबईच्या परळ भागात आहे. नौरोसजी वाडिया यांनी १८७९ साली ‘बॉम्बे डाइंग’ हा उद्योग सुरू केला. पुढे त्यांचे पुत्र सर नेस वाडिया व सर कसरो वाडिया यांनी गिरणीच्या धंद्यातून मिळविलेल्या संपत्तीचा मोठा भाग लोकोपयोगी कामांस दिला. पित्याच्या नावाचे प्रसूतिगृह १९२६ साली परळला उभे राहिले आणि आईच्या नावाचे ‘बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय’ १९२९ साली सुरू झाले. परळ-लालबाग हा त्या काळी गिरणगाव होता. कोकण, देश आणि घाटावरून आलेले कामगार तेथील चाळींत दाटीवाटीने राहत. ज्या धंद्याने या माणसांना शहरात आणले, त्याच धंद्यातील पैसा त्यांच्या स्त्रियांच्या व मुलांच्या उपचारासाठी खर्च झाला, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

याच परळात १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. मेहेरबाई टाटा यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला होता. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारले. तेथे मोठ्यांबरोबर मुलांच्या कर्करोगावरही उपचार होतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५७ साली हे रुग्णालय केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले आणि १९६२ साली त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आला. दानाने लावलेले रोप पुढे राष्ट्राच्या तिजोरीतून शिंपले गेले, म्हणूनच त्याचा वृक्ष झाला.

वाडिया रुग्णालयाची कथाही हेच सांगते. ते चालविण्यात मुंबई महानगरपालिका व राज्य सरकार यांच्या अनुदानाचा मोठा वाटा राहिला आहे. २०२० च्या जानेवारीत अनुदानाच्या थकबाकीवरून हे रुग्णालय बंद पडते की काय, अशी चिंता निर्माण झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर पैसा मोकळा करण्यात आला. नव्वद वर्षांची परंपरा, भक्कम इमारत, नामवंत डॉक्टर, हे सारे असताना ही वेळ आली! इमारत एकदाच बांधावी लागते. पगार, औषधे, वीज आणि प्राणवायू यांचा खर्च मात्र रोजचा असतो.

परदेशातील काही प्रकार

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय १८५२ साली अवघ्या दहा खाटांनिशी सुरू झाले. १८५८ साली चार्ल्स डिकन्स या थोर कादंबरीकाराने आपल्या लेखनाचे जाहीर वाचन करून त्यासाठी निधी जमविला. पुढे १९२९ साली, म्हणजे परळचे बालरुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, जे. एम. बॅरी या नाटककाराने ‘पीटर पॅन’ या आपल्या कृतीचे हक्क लंडनच्या या रुग्णालयास देऊन टाकले. नाटकाचा प्रयोग होवो की पुस्तक खपो, त्यातील वाटा आजारी मुलांना मिळत राहिला. एकरकमी देणगी आणि वाहता झरा यांतील भेद यावरून स्पष्ट होतो.

अमेरिकेत १९७४ साली फिलाडेल्फिया शहरात आजारी मुलांच्या आईबापांसाठी रुग्णालयाजवळ एक निवासगृह उघडले. मॅक्डोनाल्ड या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या स्थानिक दुकानांतून एका विशिष्ट पेयाच्या विक्रीवर त्यासाठी पैसा जमविण्यात आला होता. आपल्या धर्मशाळेचेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही. मुंबईत दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. कर्करोगग्रस्त मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी ‘सेंट ज्यूड’ या संस्थेने २००६ पासून मोफत निवासाची सोय केली आहे. निपाणीहून वा खानापूरहून गेलेल्या कुटुंबाला औषधाइतकाच हा निवाराही मोलाचा असतो. कारण राहण्याची सोय नाही म्हणून अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारासारखाच ठरतो.

अमेरिकेतच १९८३ साली ‘चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क’ ही संस्था निघाली. मोठमोठ्या दुकानांत बिल देताना गिऱ्हाइकाकडून थोडी रक्कम बालरुग्णालयांसाठी मागावयाची, ही रीत तिने रूढ केली. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरेच. परंतु हे थेंब गिऱ्हाइकाच्या खिशातले असतात. दुकानदाराने ओंजळ धरली, याचे श्रेय त्याला द्यावे. पाणी त्याचे होते असे मात्र समजू नये.

आपल्या देशाचा कायदा

भारताने याबाबत एक निराळा मार्ग स्वीकारला. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक दायित्वाची जबाबदारी टाकली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती अमलात आली. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, वा वार्षिक उलाढाल १००० कोटी, वा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ठरले. आरोग्यसेवा हा त्यातील एक मान्य विषय आहे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका कंपनीस तीन वर्षांत अनुक्रमे ८, १० व १२ कोटी रुपये नफा झाला. सरासरी १० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे २० लाख रुपये. एवढ्या रकमेत एखाद्या रुग्णालयास उपकरणे घेऊन देता येतील. आता दुसऱ्या एखाद्या दात्याने आपल्या खाजगी संपत्तीतून तेवढीच रक्कम कायम निधी म्हणून ठेवली आणि तिच्यावर द. सा. द. शे. ६ प्रमाणे व्याज मिळाले, तर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये हाती येतील. एका प्रशिक्षित परिचारिकेचा पुरता पगारही त्यातून निघणे कठीण. यंत्र देणारा दाता सहज मिळतो, पण ते यंत्र चालविणाऱ्या हातांचा पगार देणारा विरळा, याचे मर्म या हिशेबात आहे.

या कायद्यात दोन चांगल्या तरतुदी आहेत. आपल्या मालाच्या जाहिरातीच्या लाभासाठी केलेले प्रायोजन सामाजिक दायित्वात धरता येत नाही, असे २०२१ च्या नियमांनी स्पष्ट केले. आणि कंपनीने या खर्चाचा अहवाल प्रसिद्ध करावा, असे बंधन आहे. कायदा असेही सांगतो, की कंपनीने आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा. हे वरकरणी न्याय्य वाटते. परंतु मोठ्या कंपन्या जेथे एकवटल्या आहेत तेथेच त्यामुळे पैशाचा ओघ वाहतो. आपल्या बेळगाव परिसरात ॲल्युमिनियमचा कारखाना आहे, साखर कारखाने आहेत, फौंड्र्या आहेत. पण यांतील लहान कारखाने कायद्याच्या मर्यादेखालीच राहतात. जेथे धनिक थोडे तेथे दानही थोडे, आणि आजार मात्र तितकेच. ही उणीव भरून काढणे हे सरकारचेच काम होय.

निपाणीचा प्रश्न

निपाणीचे नाव तंबाखूशी जोडलेले आहे. विडी वळणाऱ्या स्त्रिया घरातच तंबाखूच्या धुळीत बसून काम करतात आणि त्यांची मुले जवळच खेळत असतात. १९७६ साली संसदेने विडी कामगार कल्याणासाठी कायदे केले. विडीच्या धंद्यावर उपकर बसवून त्यातून कामगारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या दवाखान्यांचा खर्च भागविण्याची योजना झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द झाला.

हा उपकर दान नव्हते. त्यात कोणाच्या नावाची शिला नव्हती, हारतुरे नव्हते. धंद्याने ज्यांच्या श्रमावर नफा मिळविला, त्यांच्या आरोग्याचे देणे कायद्याने वसूल केलेले होते. आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. एखाद्या तंबाखू कंपनीने बालरुग्णालयास विभाग बांधून दिला आणि त्यावर आपले नाव कोरले, तर ते घ्यावे काय? २००५ साली अमलात आलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात भारत सहभागी आहे. त्या कराराच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तंबाखू कंपन्यांचे असे दातृत्व हा जाहिरातीचाच एक प्रकार मानला आहे. ज्या गावातील अनेक घरांची चूल तंबाखूवर पेटते, तेथे हा प्रश्न अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही पैसा करातून यावा आणि नाव मात्र भिंतीवर येऊ नये, हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. त्यात मुलाला उपचार मिळतो आणि त्याच्या कोवळ्या मनावर दात्याच्या मालाचा ठसाही उमटत नाही.

दानाच्या कसोट्या

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. हीच कसोटी आजच्या काळास लावायची झाल्यास चार प्रश्न विचारावेत. हे साहाय्य एका समारंभापुरते आहे, की काही वर्षे टिकणारे? त्याचा हिशेब कोणासही पाहता येतो काय? त्याच्या बदल्यात रुग्णालयाकडून काही मागितले आहे काय? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ज्या मुलासाठी हे सारे चालले आहे, त्याची प्रतिष्ठा राखली गेली काय? आजारी मुलाचे छायाचित्र छापून पैसा लवकर जमतो, हे खरे. पण ते मूल उद्या बरे होऊन शाळेत जाणार आहे, याचे भान छापणाऱ्याने ठेवावयास हवे.

कंपनीचे दान नाकारण्याचे कारण नाही. परळच्या त्या दोन रुग्णालयांनी कित्येक पिढ्यांतील मुलांना जीवदान दिले आहे. परंतु आजारी मुलाचा उपचार हा त्याचा हक्क आहे. कोणाच्या नफ्या-तोट्याच्या वर्षावर तो अवलंबून असू नये. पाया समाजाने आपल्या करातून घालावा आणि दात्याने त्यावर भर घालावी, हा क्रम उलटा होऊ देता कामा नये. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी कारखानदार, कोणी नगरपालिकेत सभासद. ज्या आसनावर बसाल तेथून हा क्रम सांभाळा.

विचारासाठी प्रश्न

१. एका कंपनीचा तीन वर्षांचा नफा ६, ९ व १५ कोटी रुपये आहे. सामाजिक दायित्वासाठी तिने किमान किती रक्कम खर्च करावी?
२. उपकर आणि देणगी यांतील भेद विडी उद्योगाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील दवाखान्यास कोणी २० लाख रुपये देऊ केले, तर ते कशावर खर्च करावेत, असे तुम्हांस वाटते? कारणे द्या.