विमान ढकलण्याआधी वाच

सोने,

शेठजींचं चार सीटचं सेस्ना तुझ्या ताब्यात आलं म्हणून तुझ्या आईने कन्नमवार नगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. पेढा तोंडात असतानाच मनात आलं, आकाशात ही पोरगी नीट उडवेल, पण जमिनीवर काय? आकाशात विमानाला धक्का मारायला कोणी नसतं. हँगरात झाडूवाल्यापासून शेठजींच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे असतात. अशा किरकोळ धक्क्याधोप्याला आमच्या धंद्यात 'हँगर रॅश' म्हणतात. नाव पुरळ उठल्यासारखं, खर्च ऑपरेशनचा.

मी चाळीस वर्षं पाने फिरवले आणि खालची प्रत्येक चूक एकदा तरी केली. काही दोनदा. तेव्हा घे लिहून.

१. विमान हलवायचं तर तिघं हवीत, एक टो-बारवर आणि एकेक दोन्ही पंखांच्या टोकांशी – बार ओढणाऱ्याला फक्त नाक दिसतं, आणि पंख पसरलेत ११ मीटर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, त्याचे पंख मागे दुमडता यायचे. तुझ्या सेस्नाचे दुमडत नाहीत.

२. कोणीही 'थांब' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, का म्हणून विचारायचं ते थांबल्यावर – चहावाल्या पोराने ओरडून वाचवलेलं एक शेपूट मला अजून आठवतं. घाईत ढकललं, हप्त्याने भरलं.

३. ढकलायचं ते पंखाच्या स्ट्रटला धरून, तेही बुडाशी. शेपटीवर, एलिव्हेटरवर किंवा पुढच्या स्पिनरवर हात ठेवायचा नाही – तिथला पत्रा अगदी पातळ असतो, आणि माणूस हुरूपात आला की अंगचं सगळं वजन तिथेच टाकतो.

४. पुढचं चाक मधल्या रेषेपासून ३० अंशांच्या पलीकडे वळवू नकोस – वळण अडवणारे आतले खुंट मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

५. टो-बारवरचा हात सुटला की टो-बारही सुटलाच पाहिजे, पाणी प्यायला जायचं असलं तरी – तो नाकाला लटकत राहिला आणि कोणी इंजिन चालू केलं, तर प्रॉपेलर त्याचा चुरा करतो आणि स्वतःचाही. हातातला बार बरा, नाकातला बार बुरा.

६. उभं केलं की आधी चोक, मग दोर, मग कंट्रोल लॉक – जुहूला दुपारी खारा वारा उठला की सुटं रडर दारासारखं आपटतं, आणि बिजागऱ्या ढिल्या होतात त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

७. पेट्रोलच्या गाडीला विमानाकडे रिव्हर्स घेऊ द्यायचं नाही, आणि शिडी पंखाला टेकवायची नाही – टाकीचं झाकण पंखावर असतं, म्हणून नवा पोरगा हटकून टेकवतोच. मीही टेकवली होती. घोडी ठेव, स्वतःच्या पायावर उभी राहणारी.

एवढं करूनही लागेलच कधीतरी. त्यासाठीची गोष्ट निराळी, आणि मला खरं तर तीच सांगायची आहे.

८. लागलं की तिथेच थांब, विमान मागे घेऊ नकोस – कशाला कसं लागलं हे जागेवरच कळतं. आधी लांबून फोटो, मग जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून. वेळ आणि कोण कोण हजर होतं ते लिही.

९. लाल फडकं आणि 'उडवू नये' अशी चिठ्ठी थेट कंट्रोलला बांध – तू जेवायला गेलीस आणि शेठजी पाहुण्यांना घेऊन आले, तर पोचा त्यांना दिसणार नाही, फडकं दिसेल.

१०. अंगठ्याने चोळू नकोस, पॉलिश मारू नकोस, 'एक हातोडी द्या मॅडम' म्हणणाऱ्याला चहाला पाठव – खुणा पुसल्या की इंजिनिअरलाही वाचता येत नाही आणि विम्याच्या सर्व्हेअरलाही. दुरुस्ती सर्व्हेअरने पाहिल्यावरच.

११. मार लागतो एकीकडे आणि दुखतं दुसरीकडे. पंखाचं टोक आपटलं तर बुडाशी बघ, शेपूट आपटलं तर बिजागऱ्या आणि केबली – धक्का आत सरकत जातो. पत्र्याला सुरकुती किंवा रिव्हेटभोवती काळी रेघ दिसली, तर रिव्हेट आत हलतोय समज.

१२. प्रॉपेलरला लागलं तर 'इंजिन बंदच होतं' ही सबब चालत नाही – इंजिन बनवणाऱ्या लायकॉमिंगच्या हिशेबी पातं किरकोळ घासून भागलं नाही की तो प्रॉप स्ट्राइकच, आणि मग इंजिनही आतून तपासावं लागतं. इथे शेठजी कळवळतील. कळवळू दे.

१३. एलिव्हेटर किंवा एलेरॉनवरचा पोचा पुट्टी भरून रंगवू देऊ नकोस – त्यांचा तोल तोळ्यामाशाचा असतो; पुट्टीच्या वजनाने तो बिघडला की वेगात ते फडफडायला लागतात. फडफडणारं शेपूट तुटतं. बाकी सगळं मी हसत सांगतोय, हे नाही.

१४. फायबरचं विमान असलं तर नजरेवर जाऊ नकोस, नाण्याने हलकेच टकटक कर आणि ऐक – वरून गुळगुळीत आणि आत थर सुटलेले असू शकतात. विक्रोळी स्टेशनबाहेर मी कलिंगड घेतो तसंच. आवाज बद्द आला की इंजिनिअरला बोलव.

१५. आधी परवानाधारक इंजिनिअरला फोन, मग शेठजींना, मग विमा कंपनीला, तिन्ही त्याच दिवशी. डीजीसीएला काय कळवायचं ते इंजिनिअरला विचारून लगेच कळव, आणि लॉगबुकात त्याची नोंद आणि सही होईपर्यंत उड्डाण नाही – उद्या विमान विकताना गिऱ्हाईक पत्र्याआधी वही वाचतं.

१६. ज्याच्या हातून झालं त्याच्यावर ओरडू नकोस. तरुणपणी एका हँगरात माझ्या हातून शेपटीच्या टोकाला शिडी लागली, आणि साहेबाच्या आवाजाच्या भीतीने मी ते रात्रभर गिळून बसलो. सकाळी विमान धावपट्टीकडे निघालं तेव्हा मी अनवाणी त्याच्यामागे पळालो. थांबलं. बिजागरी अर्धी तडकली होती. साहेब एवढंच म्हणाले, 'काल सांगितलं असतंस तर चहा पाजला असता.' तेव्हापासून येऊन सांगणाऱ्याला मी चहा पाजतो, वर वडापाव – लपवला पोचा म्हणजे गिळला खिळा, आणि पोटात कुणाच्या गेला ते उडाल्यावर कळतं.

१७. विमान दुसऱ्याच्या हँगरात ठेवताना करारात बघ, त्याच्या माणसाने ठोकलं तर पैसे कोणाचे – तोंडी 'काळजी नको ताई' वर सर्व्हेअर सही करत नाही. देताना आणि घेताना चारी बाजूंनी फोटो.

आणि हो, तुझ्या टो-बारची एक पिन वाकली आहे, परवा फोटोत दिसली. शनिवारी घेऊन ये, इथे आमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नवी करून घेऊ. घाटकोपरपर्यंत मेट्रोने ये, पुढे लोकलमध्ये बार उभा धर. लोकांचे गुडघे सांभाळ.

तुझा मामा