भात्यातील बाण आणि त्यांची धार
मोठे कुटुंब, घरचे शिक्षण व लोकमत

शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, स्तोत्र १२७, ईयोब १:१-५, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५



एखाद्या ख्रिस्ती घरात सात-आठ मुले असावीत आणि त्यांना शाळेत न पाठवता आईवडिलांनी घरीच शिकवावे, असे आपल्या कानी आले तर आपण काय म्हणतो? एक जण म्हणतो, “एवढी लेकरे जन्माला घालणे हा बेजबाबदारपणा आहे.” दुसरा म्हणतो, “हीच खरी शास्त्राची वाट; बाकीच्यांचा विश्वास कमी पडतो.” तिसरा म्हणतो, “मुले जगापासून तुटतील. उद्या त्यांना नोकरी कोण देणार?” तिन्ही मते मंडळीतच ऐकू येतात, आणि पुष्कळदा ती त्या घरातल्या आईच्या समोरच बोलली जातात. या अभ्यासात आपण ही मते पवित्र शास्त्राच्या व इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

१. लोकमत बदलत असते

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत आठ-दहा भावंडे असणे ही गावोगावची साधी गोष्ट होती. त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नसे. १९५२ साली आपल्या देशात कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे लाल त्रिकोण व ‘हम दो, हमारे दो’ ही घोषणा भिंतीभिंतीवर आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या देशात २.०, महाराष्ट्रात १.७ आणि मी ज्या सियालदह परिसरातून लिहीत आहे त्या पश्चिम बंगालमध्ये १.६ इतकी आढळली. म्हणजे काल ज्याला कोणी हसत नव्हते त्याला आज लोक हसतात. लोकमत ऐकावे, कारण त्यात कधी कधी शहाणपण असते. परंतु जे दोन पिढ्यांत उलटे होते त्यावर घर बांधता येत नाही.

२. शास्त्र संख्येविषयी काय सांगते?

स्तोत्र १२७ मुलांना परमेश्वराने दिलेले धन म्हणते आणि त्यांची तुलना वीराच्या हातातील बाणांशी करते. हे स्तोत्र लेकराला ओझे समजणाऱ्या वृत्तीचा निषेध करते, यात शंका नाही. मात्र भात्यात किती बाण असावेत हे ते सांगत नाही. तसेच याच स्तोत्राच्या आरंभी, परमेश्वर घर बांधीत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत, असा इशारा आहे. तो मोठ्या घरालाही लागू पडतो.

शास्त्रातील घरांकडे पाहा. गिदोनाला सत्तर मुलगे होते (शास्ते ८:३०). त्यांतील बहुतेकांना अबीमलेख या त्यांच्याच भावाने एका धोंड्यावर ठार मारले (शास्ते ९:५). याकोबाला बारा मुलगे होते. एकावर केलेल्या पक्षपाती प्रीतीने घर दुभंगले (उत्पत्ती ३७). एलीला दोनच मुलगे होते, परंतु त्याने त्यांना वेळीच आवरले नाही (१ शमुवेल ३:१३). ईयोबाला सात मुलगे व तीन मुली होत्या. तो पहाटे उठून त्यांच्यातील प्रत्येकासाठी होमार्पण करी (ईयोब १:५). यावरून स्पष्ट होते की संख्या हे पुण्य नाही आणि पापही नाही. दहांतील प्रत्येकाचे नाव घेऊन पहाटे उठणारा बाप त्या घरात आहे काय, हा शास्त्राचा प्रश्न आहे.

३. ‘बिंबवणे’ या शब्दाविषयी

अनुवाद ६:७ मध्ये देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्यास सांगितले आहे. मूळ इब्री क्रियापदाचा धातू ‘शानन’ असा आहे. त्याचा एक अर्थ धार लावणे असा होतो. स्तोत्र ४५:५ मध्ये राजाच्या तीक्ष्ण बाणांविषयी याच धातूचे रूप आले आहे. काही अभ्यासक अनुवादातील शब्दाचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा सांगणे’ असा घेतात. भाषांतर करताना दोहोंतून एक निवडावे लागते. परंतु मनन करताना दोन्ही जवळजवळ ठेवता येतात, कारण सहाणेवर पाते पुन्हा पुन्हा घासल्यावाचून धार येत नाही.

बाण भात्यात भरणे ही एक गोष्ट आणि प्रत्येक बाणाला धार लावणे ही दुसरी. पहिलीसाठी देवाने दिलेले देह पुरे होतात. दुसरीसाठी वेळ, धीर व माणसे लागतात. ही आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना पाळायची आहे. म्हणून मुलाचे आत्मिक शिक्षण आपण शाळेवर किंवा शब्बाथशाळेवर सोपवू शकत नाही. परंतु गणित व भूगोलही घरीच शिकवावा असा नियम या वचनातून काढणे म्हणजे वचनात नसलेले त्यात घालणे होय.

४. श्रीरामपूरचे मोठे घर

सियालदहहून बराकपूरची लोकल धरावी, तेथे फेरीबोटीने हुगळी ओलांडावी, म्हणजे समोर श्रीरामपूर लागते. विल्यम केरी १० जानेवारी १८०० रोजी तेथे आले. १८०५ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे आणि ज्यांच्या प्रयत्नाने १८११ साली मराठी नवा करार छापला गेला ते हेच केरी. आपणा मराठी वाचकांवर त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या घराची स्थिती काय होती? पीटर हा मुलगा १७९४ साली बंगालमध्ये वारला. त्यानंतर पत्नी डोरोथी यांचे मन आजारी झाले व १८०७ मधील मृत्यूपर्यंत त्या बऱ्या झाल्या नाहीत. सुमारे चौदा वर्षांच्या फेलिक्सपासून सुमारे चार वर्षांच्या जोनाथनपर्यंत चार मुलगे जवळजवळ मोकाट वाढत होते. वडील मृदू स्वभावाचे व कामात बुडालेले होते.

त्या मुलांना हॅना मार्शमन यांनी जवळ केले. त्यांना स्वतःला पुढे बारा अपत्ये झाली आणि त्यांतील अनेक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १८०० सालीच त्यांनी व जोशुआ मार्शमन यांनी निवासी शाळा काढली. तिच्या उत्पन्नातून मिशनचा बराच खर्च चाले. विल्यम वॉर्ड यांनी थोरल्या मुलांशी मैत्री जोडली. जानेवारीत बेबंद असलेला फेलिक्स त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कृष्ण पाल या बंगाली बांधवाबरोबर, हुगळीत बाप्तिस्मा घेताना दिसतो.

हे सर्व एक कुटुंब म्हणून राहत. पंगत एक, पैशाची थैली एक. घरकारभार प्रत्येकाने एकेक महिना पाहायचा, आणि शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातील कुरबुरी मिटवायच्या, असा नियम होता. मोठे घर केवळ प्रेमाने चालत नाही. पाळी, हिशेब व क्षमा यांची वेळही ठरवावी लागते. लोकमताने त्यांनाही सोडले नाही. मार्शमन कुटुंब धन साठवीत आहे, असे आरोप पुढे इंग्लंडपर्यंत गेले. परंतु हॅनाबाईंची शाळा चालूच राहिली.

यातून एक गोष्ट मनावर ठसते. आजारी आई आणि व्यग्र बाप यांच्या मुलांना टीकाकारांनी वाचवले नाही. शेजारच्या खोलीतल्या बहिणीने वाचवले.

५. एपवर्थची आई

जॉन व चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना हिला एकोणीस अपत्ये झाली, दहाच जगली. इंग्लंडमधील एपवर्थ येथील घरात तिने स्वतः शाळा चालवली. मुलींना नीट वाचता येण्यापूर्वी शिवणकामाला बसवायचे नाही, हा तिचा नियम त्या काळी नवलाचाच होता. शिवाय आठवड्यातील एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखली होती. जॉनची पाळी गुरुवारी येई. फेब्रुवारी १७०९ मध्ये घर जळाले, मुले निरनिराळ्या घरी विखुरली आणि लागलेल्या सवयी मोडल्या. तिने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पती लंडनला असताना तिच्या घरच्या रविवारच्या प्रार्थनेस दोनशेच्या आसपास माणसे जमू लागली, तेव्हा तक्रारी झाल्या. पतीने पत्र लिहिले. तिने विनयाने पण ठाम उत्तर दिले व प्रार्थना चालू ठेवली.

६. गंगामूळचे अरण्य आणि मुक्तीचे अंगण

आपल्याच भूमीतील उदाहरण अधिक बोलके आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. लोकमत खवळले, पंडितांच्या सभेपुढे त्यांना उत्तर द्यावे लागले. मग ते सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईने भल्या पहाटे उठवून मुलीला पाठ दिले. त्या शिक्षणाचे तेज १८७८ साली याच कलकत्त्याने पाहिले. येथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. येथे लोकमत चुकले होते आणि घरची शाळा खरी ठरली होती.

परंतु रमाबाईंनी स्वतःच या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगितली आहे. पुराण सांगण्यापलीकडे उपजीविकेची कोणतीही विद्या त्यांच्या कुटुंबाला येत नव्हती. बाहेरच्या जगाचे शिक्षण घरात त्याज्य मानले गेले होते. दुष्काळ आला तेव्हा अंगमेहनतीची सवय नव्हती व हलके काम करण्याची लाज होती. आईवडील व थोरली बहीण त्या हालात गेली. ‘मुले जगापासून तुटतील’ हे तिसरे मत आपण हसण्यावारी नेऊ नये ते यासाठी.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात, १९०० च्या दुष्काळानंतर, रमाबाईंभोवती सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले होती. पोटची मुलगी एकच, मनोरमा. परंतु एवढे मोठे कुटुंब महाराष्ट्रात दुसरे कोणते? तेथे अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा व छापखाना शिकवला गेला. आईच्या पहाटेच्या पाठांत जे उणे होते ते लेकीने भरून काढले. त्यापूर्वी १८९३ साली शारदा सदनावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली होती व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या होत्या. तरी काम थांबले नाही. मूळ भाषांवरून केलेले त्यांचे संपूर्ण मराठी पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते छापण्याचे काम त्या घरातल्या मुलींच्या हातून झाले.

७. ज्यांना घरच नाही

‘घर हीच खरी शाळा’ असे आपण सहज म्हणतो. सियालदह स्थानकाच्या फलाटावर निजणाऱ्या लेकराला हे वाक्य काय सांगणार? येथील लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर सिरिल मूनी यांनी १९८५ साली ‘रेनबो’ उपक्रम सुरू करून शाळेची दारे रस्त्यावरील मुलांना उघडली. मुले केव्हाही येत. शाळेतल्या मुली त्यांना एकेकट्या घेऊन शिकवीत. काहींचा मुक्कामही शाळेतच झाला. आरंभी काही पालकांना हे पसंत नव्हते. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०२३ साली त्या प्रभूमध्ये निजल्या. श्रीरामपुरात घराची शाळा झाली, सियालदहला शाळेचे घर झाले. देवाचे काम दोन्ही वाटांनी चालते.

८. आज आपण काय करावे?

पालकांनी प्रथम कायदा जाणावा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे. घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही, तरी हा मार्ग विचारपूर्वकच घ्यावा. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. मुलाच्या हाती उद्या प्रमाणपत्र व हुन्नर दोन्ही असावेत, ही जबाबदारी पालकांचीच आहे.

पतींना एक शब्द. मूल किती असावीत आणि ती कोठे शिकावीत हा निर्णय जिच्या देहावर व दिवसावर पडतो, तिचे मत आधी विचारा. थोरल्या मुलीला दुसरी आई करून तिचे बालपण व शिक्षण हिरावून घेऊ नका.

मंडळीला एक शब्द. लोईस व युनीके यांनी तीमथ्याला लहानपणापासून शास्त्र शिकवले, आणि पौल त्याचा आत्मिक पिता झाला. घराने आरंभलेले काम मंडळीने उचलून धरले. ज्या घराविषयी आपण मत देतो त्या घरी आपण शेवटचे कधी गेलो? आठवड्यातून दोन तास इंग्रजी किंवा गणित शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका, दुपारी तान्ह्याला सांभाळणारी एक मावशी, यांचे मोल शंभर मतांहून अधिक आहे. एकच मूल असलेल्या किंवा मूल नसलेल्या दांपत्यालाही आपण शब्दांनी जखमी करतो, हेही विसरू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. स्तोत्र १२७ व शास्ते ९ एकत्र वाचा. मुलांच्या संख्येविषयी आपल्या मनातील कोणती समजूत बदलावी लागते?
२. आपल्या घरी एकेका मुलासाठी राखलेली वेळ कोणती?
३. रमाबाईंच्या घरच्या शिक्षणातून काय घ्यावे व काय टाळावे?
४. आपल्या मंडळीतील कोणत्या कुटुंबाला या आठवड्यात मताऐवजी मदत देता येईल?

प्रार्थना : हे पित्या, तू दिलेली लेकरे, थोडी असोत वा पुष्कळ, तुझीच आहेत. त्यांना धार लावण्यास आम्हाला धीर दे, आणि दुसऱ्याच्या घराविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या दारी जाण्याची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.