एक्स-रे स्वच्छ आला, तरी सीटी स्कॅन करावा का?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. ३० वर्षं रोज २० सिगारेटी ओढायचे, ८ वर्षांपूर्वी सोडल्या. खोकला नाही, एक्स-रेही स्वच्छ आहे. तरी फुप्फुसाच्या कॅन्सरची तपासणी करावी का?

उत्तर : हो, करावी असं माझं मत आहे. एक्स-रेवर विसंबू नका. लहान गाठ हृदयाच्या किंवा बरगड्यांच्या सावलीत सहज लपते. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०११) एक्स-रेऐवजी कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन दरवर्षी केलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तिथल्या तपासणीच्या निकषांनुसार वय ५० ते ८० असावं, रोज २० सिगारेटी किमान २० वर्षं ओढलेल्या असाव्यात, आणि सोडल्या असतील तर त्याला १५ वर्षं झालेली नसावीत. वडील यात बसतात.

मात्र आपल्याकडे जुन्या क्षयरोगाचे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात. वडिलांना कधी टीबी झाला असेल तर आधीच सांगा, जुने एक्स-रे सोबत न्या. गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बहुतेक निरुपद्रवी निघतात. आधी छातीविकारतज्ज्ञांना भेटा. थुंकीतून रक्त किंवा वजनात घट दिसली, तर मात्र स्क्रीनिंगची वाट न पाहता लगेच दाखवा.