वाळवंटातील खडक जलरंगात



आमच्या मोआदोनमध्ये चित्रकलेस बसणारी मंडळी बहुतेक निवृत्त आहेत आणि पुष्कळांचा हात लहानपणीच शाळेत बसलेला आहे. अडचण तिथेच सुरू होते. खडक काढा म्हटले की सारेजण आधी काळा रंग कालवतात. मीही तेच करीत असे. अलिबाग-रेवदंड्याचा किनारा पाहत वाढलेल्या माणसाला खडक म्हणजे काळा कातळच. तिकडचा दगड बेसाल्ट. भिजला की आणखी काळा, आकाशापेक्षा गडद. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मास्तरांनी तसाच घोटवून घेतला होता. इकडे आल्यावर कित्येक वर्षे मी येरुहामकडचे डोंगर रंगवले आणि खाली "नेगेव" असे लिहिले. एकदा बहिणीने चित्र पाहून विचारले, "दादा, कोर्लईला कधी जाऊन आलास?" तिला बिचारीला थट्टा करायची नव्हती.

नेगेवचे पुष्कळ डोंगर चुनखडीचे व डोलोमाइटचे. डोळे बारीक करून पाहा: उन्हातला कडा मागच्या निळ्या आकाशापेक्षा उजळ दिसतो. जलरंगात पांढऱ्याचे काम कागद करतो. म्हणून इथे खडक रंगवायचा नसतो, तो राखायचा असतो. रंगवायची ती सावली.

दिमोना-येरुहामच्या मंडळींना मख्तेश गादोल जवळ आहे, तोच घेऊ. मख्तेश म्हणजे आपले उखळ. सुमारे १० किलोमीटर लांब व ५ किलोमीटर रुंद असा हा खळगा उल्का पडून झालेला नाही, ज्वालामुखीनेही नाही. तो पाण्याने कोरला. वरचा थर कठीण, खालचा वालुकाश्म मऊ. वरचा थर झिजून फुटला तेव्हा पाण्याने आतला मऊ भाग वाहून नेला, आणि बाहेर पडण्याची वाट एकच, नहाल हतीरा. चित्रकाराला हे ठाऊक हवे, कारण त्यावरून कडा कशी काढायची ते ठरते. माथ्याचा कडा तुटलेला, तिथे रेघ कोरडी व धारदार. त्याखाली घसरलेल्या दगडमातीचा उतार, तिथे ब्रश ओला व कड विरलेली. तळाशी पिवळी, तांबडी, जांभळट वाळू. ती पाहून हात सैल सुटतो, जपावे.

कागद ३०० ग्रॅमचा, खरबरीत घ्या. प्रथम आकाश: कोबाल्ट, क्षितिजाकडे पातळ करीत आणा आणि कड्याच्या माथ्याशी थांबा. ते वाळले की येलो ऑकरचा अगदी पाणीदार हात उतारावर फिरवा. उन्हाचे तोंड असलेले दगड कोरेच सोडा. मग सावली. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळून करडा रंग करा, काळ्या रंगाची वडी घरीच ठेवा. जमिनीवर पडलेली सावली आकाशाकडे पाहते, ती निळसर. कड्याच्या सावलीतल्या भिंतीवर खालच्या तापलेल्या जमिनीचा उजेड उसळतो, म्हणून तिच्या पायथ्याशी सिएना वाढवा. हे एवढे नीट साधले तर खडक आपोआप उभा राहतो. भेगा शेवटी, बारीक ब्रशने, मोजक्याच.

सावली सरकते. सकाळी बसताच पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखून घ्या आणि त्याच धरा. तासाभराने त्या बदललेल्या दिसतील, त्यांच्यामागे धावू नका. धावलात तर चित्रात दोन सूर्य येतात.

कोकणात पावसाळ्यात रंग वाळण्याची वाट पाहावी लागे, इथे कोरड्या हवेत तो ब्रशाखालीच वाळतो व मध्येच डाग धरतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या फळीवर चिकटवा, आणि रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा. मांस कोशेर करायचे जाडे मीठ ओल्या रंगावर चिमूटभर टाकले तर वाळूचा छान पोत उठतो. पण रंग ओला असेपर्यंतच; नंतर नुसते मीठ वाया जाते, आणि घरातून बोलणी बसतात ती वेगळी.

जेरुसलेमला गेलात तर बेत टिखो पाहा. ॲना टिखो १९१२ साली इथे आल्या. युरोपात शिकलेला त्यांचा हात या उजेडापुढे इतका दिपला की काही वर्षे त्यांनी चित्र काढणेच सोडले. पुढे त्यांनी याच डोंगरांची रेखाटने केली. त्यांत त्यांनी कोरा सोडलेला कागद कुठे कुठे आहे, तेवढेच बघत या.

घरी सरावासाठी वाटेवरचा एक उजळ दगड उचलून खिडकीत ठेवा आणि सकाळी ८ वाजता, दुपारी १२ वाजता व सूर्य उतरताना असा तीनदा काढा. पहिले कागद बिघडतील. फेकू नका, मागची बाजू कोरी असते.