नानांच्या खोलीचा पांढरा

चि. सोनूस,


नाना तुझ्याकडे राहायला येणार म्हणून त्यांची खोली रंगवतेस, फार बरं वाटलं. तू पाठवलेले चार पांढऱ्यांचे फोटो पाहिले, पण फोटोवरून मी काही सांगणार नाही. मोबाइल पांढरा रंग आपल्या मनाने बदलून दाखवतो. शेडकार्डावरही विसंबू नकोस. बोटभर पट्टीवरचा रंग चार भिंतींवर चढला, की भिंतींचा उजेड एकमेकींवर पडून तो गडद दिसतो. आमच्या पश्चिमेच्या खोलीला मी असाच पट्टी बघून लोण्यासारखा रंग दिला. दुपारी चारनंतर भिंती हळद फासल्यासारख्या दिसायच्या. सासूबाई कधी बोलल्या नाहीत, पण संध्याकाळच्या त्या तिथे बसेनाशा झाल्या. ते मला अजून लागतं.

तुझी खोली उत्तरेची. वर्षातला बराच काळ तिथे आभाळाचा निळसर उजेडच येणार. राखाडी झाकेचा पांढरा पावसाळ्यात मलूल दिसेल. शिवाय खाली कोटा फरशी आहे, त्याचा हिरवटपणा भिंतीवर चढतो. मला वाटतं, किंचित तांबूस अंगाचा पांढरा घ्यावास.

झाक ओळखायला चारही पट्ट्या कोऱ्या कागदावर खेटून ठेव. एकटी असताना नुसती पांढरी वाटणारी पट्टी शेजारणीजवळ गुलाबी नाहीतर हिरवट निघते. पूर्वी चुन्यात चिमूटभर नीळ घालायचे, ती पिवळेपणा मारायलाच. पांढऱ्याच्या पोटात दुसरा रंग असतोच.

मग दोन रंगांचे छोटे डबे आण. दोन फुटी पुठ्ठ्यांवर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात. जुन्या निळ्या भिंतीवर थेट लावून पाहू नकोस, निळ्याशेजारी कुठलाही पांढरा पिवळाच दिसेल. रात्रीचा दिवाही आधी ठरव. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली सायीचा रंग फिका पडतो, ३००० च्या दिव्याखाली तोच पिवळा होतो. नानांना वाचायला लागतं, तेव्हा ४००० चा बघ.

पुठ्ठे त्यांच्या खुर्चीसमोर ठेव. दोन दिवस काही विचारू नकोस, मग विचार. पेंटर घाई करेल. तोवर त्याला छत करायला सांग, ते पांढरंशुभ्रच ठेवायचं आहे.

तुझी मावशी